पात्र जोडप्यांच्या वहीतून नाव कटल्यावर

प्रति,
यवतमाळ जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी, नर्सबाई आणि आशाताई यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. १९७८ साली एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्सबाई, म्हणून रुजू झाले आणि २०१५ साली, अठ्ठावन्न पूर्ण होताच, घरी बसले. कपाशीच्या पट्ट्यातल्या चार उपकेंद्रांवर माझी नोकरी गेली. म्हाताऱ्या नवराबायकोच्या संबंधांबद्दल आपण काही विचारतच नाही, त्याबद्दल हे पत्र आहे. ते तक्रारीचं वाटलं तरी त्यातली अर्धी तक्रार माझ्याच नावावर आहे.

तुम्ही आता सगळं टॅबवर भरता. आमच्याकडे वही होती, पात्र जोडप्यांची, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या नवराबायकोची. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, लग्नाचं वय, जिवंत मुलं, धाकटं केवढं, साधन कोणतं. त्या वहीपायी मी काय काय विचारलं असेल! शेवटची पाळी कधी आली, निरोध वापरता का, मालक ऐकतात का, ऑपरेशननंतर किती दिवस लांब राहिलात. निंदणाच्या पातीत वाकून विचारलं, चुलीपुढे बसून विचारलं, सासू कान देऊन बसली असताना विचारलं. लाज वाटायची सोय नव्हती. वर कुटुंबनियोजनाचं टार्गेट होतं. १९९६ साली टार्गेट उठलं, पण जीभ तोवर सैल झाली होती.

मग बाई पंचेचाळिशीला पोचली की तांबड्या शाईनं नावावर काट. आता ती रेघ एकोणपन्नासवर सरकली आहे, एवढाच फरक. काट मारली की ते जोडपं पात्र उरत नसे, आणि माझे प्रश्नही तिथंच संपत. ज्या बाईला मी वीस वर्षं तिच्या अंथरुणातलं विचारत होते, तिला त्यानंतर एकदाही विचारलं नाही. लसीकरणाला नातू घेऊन आली की नातवाचं वजन करायचं आणि पाठवून द्यायचं.

मी त्याच गावची रहिवासी, म्हणून वहीत आमचंही नाव होतं. २००२ साली ते मीच माझ्या हातानं काटलं. आमचे हे शेजारी बसून चहा पीत होते. वहीत डोकावले आणि म्हणाले, "म्हणजे सरकारी परवानगी संपली का आपली?" तेव्हा दोघंही हसलो. त्यांच्या त्या वाक्यातलं खरंपण मला निवृत्तीनंतर कळलं.

गेल्या वर्षी आशाताई आमच्या घरी तो तपासणीचा फॉर्म भरायला आली. शेजारचीच सून, गुणी पोरगी. साठीच्या पुढच्यांचे प्रश्न तिनं नीट वाचले. उभं राहताना तोल जातो का, आंघोळीला-जेवायला कोणाची मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का. त्याआधी बायकांचे प्रश्न होते: पाळी गेल्यावर रक्त जातं का, संबंधानंतर रक्त जातं का, अंगावरून वास येणारं पाणी जातं का. ते तिनं वाचलेच नाहीत. खाली मान घालून तिन्ही ठिकाणी "नाही" केलं. मी म्हटलं, अगं विचार की. तर म्हणाली, "काकू, ते तुमाले नाही." फॉर्ममध्ये ते प्रश्न कॅन्सरसाठी घातलेत, आणि ते पाळी गेलेल्या बाईसाठी सगळ्यात मोलाचे आहेत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासणी झालीच पाहिजे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या पोरीच्या मनात काकूचं वय आणि "संबंध" हा शब्द एका ओळीत बसेना. तिला मी दोष देत नाही. मीही सदतीस वर्षं तेच केलं.

आणि एकटी तीच कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. २०१९-२१ च्या फेरीतही बायकांना विचारलं ते एकोणपन्नासपर्यंत आणि पुरुषांना चोपन्नपर्यंत. पुढचं कोरं. वयोवृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यात गुडघे आहेत, मोतीबिंदू आहे, विसरभोळेपणा आहे. नवराबायको कुठे आहेत?

आता माझ्या घरातलं सांगते. यांची परवानगी घेतली आहे; नाव घालू नको, एवढंच म्हणाले.

हे ६६ वर्षांचे असताना यांचा बीपी एकाएकी चढायला लागला. १९० वर ११०. गोळ्या वेळेवर घेतो म्हणायचे, मी रिकामी पाकिटं पाहायची. दोन वेळा डोस वाढवला. एक दिवस कपाशीच्या बियाण्याचा रिकामा डबा झटकायला घेतला तर त्यातून पन्नास-साठ गोळ्या खळखळून पडल्या. विचारलं तर दिवसभर बोलले नाहीत. रात्री अंधारात बोलले. पानठेल्यावर कोणीतरी सांगितलं होतं की या गोळ्यांनी माणूस "बाद" होतो. त्यांना स्वतःलाही तसंच जाणवत होतं. एवढंच नाही, एसटी स्टँडजवळच्या तंबूतल्या वैद्याकडून त्यांनी २४०० रुपयांची भुकटीही आणली होती. मी नर्स. एका खाटेवर झोपणारी. मला पत्ता नाही.

पानठेल्यावरचं ज्ञान पूर्ण खोटं नव्हतं, हीच तर अडचण. बीपीच्या काही गोळ्यांनी, लघवी जास्त करवणाऱ्या किंवा ॲटेनोलॉलसारख्या नाडी मंद करणाऱ्या, काही पुरुषांना हा त्रास होतो. सगळ्यांनी होत नाही, सगळ्यांना होत नाही, आणि गोळी बदलून मिळते. पण हे वाक्य गोळी देतानाच बोललं पाहिजे ना? ते बोललं गेलं नाही, म्हणून आमच्या घरात अर्धांगवायू उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेला. तुमच्या एनसीडीच्या, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांच्या, यादीत "गोळ्या नियमित घेत नाही" असे जे पुरुष आहेत, त्यांच्या घरी असे किती डबे असतील?

दुसरी गोष्ट तर तुम्हाला पुस्तकातून माहीत आहे. पुरुषाच्या तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून चोंदणं आधी तिथं कळतं, कधी कधी छातीत दुखण्याच्या दोन-चार वर्षं आधी. शुगर नसाही खाते आणि रक्तवाहिन्याही. वर आमच्या विदर्भाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा, सकाळी चहाआधी तोंडात. साठीचा माणूस दबक्या आवाजात "कमजोरी आली" म्हणतो तेव्हा तो कदाचित आपल्या हृदयाची पहिली खबर देत असतो, आणि आपण त्याला बी-कॉम्प्लेक्स लिहून देतो. मग तो भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावतो. असल्या भुकट्यांत त्या निळ्या गोळीतली, व्हायग्रातली, द्रव्यं चोरून मिसळलेली सापडली आहेत. ज्याच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आहे, त्यानं ती भुकटी घेतली तर बीपी असा कोसळतो की माणूस हाती लागत नाही. हे त्याला तंबूतला वैद्य सांगणार नाही.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचाही एक प्रश्न असतो, तो ते कधी विचारत नाहीत: आता जवळ गेलो तर मरेन का? शहरातले डॉक्टर सांगतात, न थांबता, छातीत न दुखता दोन जिने चढता आले की हरकत नाही. आमच्या गावात जिने कुठे? मी सांगायची, टेकडीवरच्या मारुतीला दमानं न बसता जाऊन येता का? मग काही होत नाही. एक जण दुसऱ्याच दिवशी मारुतीला निघालेला दिसला. शनिवार नव्हता.

बायकांचं दुखणं याहून मुकं. पाळी गेली की आतलं अस्तर पातळ होतं, कोरडं पडतं, जवळ घेतलं की चिरा पडल्यासारखी आग होते. त्याचबरोबर लघवीची जळजळ. बाई येऊन सांगते, "उन्हाळी लागली." आपण म्हणतो, पाणी प्या, आणि पाच दिवसांच्या गोळ्या देतो. महिन्यानं पुन्हा उन्हाळी, पुन्हा गोळ्या. तिला पुढचा प्रश्न विचारला तर कदाचित एक मलम पुरेल, किंवा तुमच्या टेबलावर तपासणीची जी जेलीची नळी असते तसली नळी. मलम हार्मोनचं असतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला ते विचारपूर्वक द्यावं लागतं, म्हणून ते डॉक्टरचंच काम. पण त्यासाठी बाईनं तोंड उघडलं पाहिजे. एका बासष्ट वर्षांच्या बाईनं उघडलं होतं. कुठल्या केंद्रावर ते सांगत नाही. तिला उत्तर मिळालं, "आजी, आता या वयात काय करायचं ते? देवाधर्मात मन लावा." ती पुन्हा त्या दारात गेली नाही. पुढे डाग दिसायला लागले तेही तिनं सात महिने लपवले. मी हात धरून मोठ्या दवाखान्यात नेली. नशीब, गाठ निघाली नाही, कोरडेपणाच होता.

आणि अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरणं. आपल्याकडे बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत कापूस वेचायला गेलेल्या किती बायका पन्नाशीनंतर अंग कापडानं आत ढकलून दिवस काढतात! नवऱ्याला सांगत नाहीत. तो समजतो, बायकोचा जीव उडाला. ती समजते, त्याला किळस येईल. दोघं वीस वर्षं पाठीला पाठ लावून झोपतात. पेसरी नावाची एक कडी बसवून पुष्कळ जणींची सोय होते, पण कडीपर्यंत पोचायला कोणीतरी साडी वर करून पाहिलं पाहिजे.

पाहिलं की काय दिसतं, हे आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीनं दाखवलं. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांत तेरा वर्षांवरच्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात आठही नव्हत्या. तोवर आमच्या खात्याच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि ऑपरेशन. मी तेव्हा नोकरीत अकरा वर्षांची होते. ते आकडे आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक जुनी सिस्टर म्हणाली, "आपण विचारलंच कुठे?" आज पाळी गेलेल्या बाईबाबत मी तेच म्हणते आहे.

आता, म्हाताऱ्या माणसांना नेमकं काय हवं असतं? मला एक उत्तर माहीत नाही. माझ्याकडे माणसं तितकी उत्तरं आहेत. निवृत्तीनंतर मी ओट्यावर बसून विचारायला लागले, टार्गेटशिवाय.

एक म्हणाली, "पाळी गेली अन् मी मोकळी झाली बाई. पयले त्याईनं हात लावला का माह्या पोटात गोळा ये, आता अजून एक पोट्टं. आता कायची भीती?" सहा बाळंतपणांनंतर, सत्तावन्नाव्या वर्षी, तिला पहिल्यांदा ते आवडलं. दुसरी तिचीच जाऊ. ती म्हणाली, "सुटली बाप्पा. चाळीस वर्स त्याचं झालं. आता माही बाज अन् माही गोधडी." हिचंही तितकंच खरं. तेव्हा कृपा करून म्हाताऱ्यांनी हे करावंच, अशी नवी मोहीम काढू नका. जिला नको तिचं "नको" पंचाहत्तरीतही "नको"च असतं, आणि बुढा जबरदस्ती करतो हे सांगायलाही तिला तुमच्याखेरीज जागा नाही.

एक म्हातारा, शुगरवाला, म्हणाला, "काम होत नाही आता सिस्टर. पण बुढी जवळ नसली तं झोप लागत नाही." त्याच्या लेखी तेच संबंध. पाय चेपणं, पाठ खाजवणं, थंडीत एक पांघरूण. तरुण माणूस ज्याला संबंध म्हणतो, त्याहून त्याची व्याख्या रुंद झाली आहे. आमच्याही घरात गोळी बदलली, पण पहिल्यासारखं सगळं काही परत आलं नाही. जे आलं ते मी इथं लिहिणार नाही. आम्ही आता जास्त बोलतो, एवढं पुरे.

आणि एक विधवा. नवरा जाऊन एकोणीस वर्षं. बीपी नॉर्मल असूनही दर आठवड्याला माझ्याकडे यायची. शेवटी मी म्हटलं, बाई, तुझा बीपी माझ्यापेक्षा बरा आहे. तेव्हा म्हणाली, "मालक गेल्यापासून मले कोनी हात नाही लावला. तू पट्टा बांधतं ना दंडाले, तेवढाच." त्यानंतर मी तिचा बीपी दोन्ही दंडांवर पाहायला लागले.

आपल्याकडे पूर्वी बऱ्याच जातींत पाट लागायचा, मोहतूर व्हायचा. विधवेनं पुन्हा घर मांडणं नवल नव्हतं. शिकून-सवरून आपण ते कमीपणाचं करून टाकलं. आता साठीची विधवा आणि साठीचा विधुर बोलताना दिसले की "म्हातारचळ." मराठीत या वयातल्या इच्छेला असलेला हा एकच घरगुती शब्द, आणि तोही शिवी. त्याची दुसरी बाजूही सांगते. पोरीबाळींवर वाईट नजर ठेवणारा म्हातारा असतो. त्याला मी पाठीशी घालत नाही, त्याची जागा पोलीस ठाण्यात. पण जन्मभर सरळ वागलेला माणूस एकाएकी चारचौघांत कपडे सोडायला लागला, नको ते बोलायला लागला, तर तो मेंदूचा आजार असू शकतो. अशा एकाला पोरांनी खांबाला बांधलेलं मी पाहिलं आहे. त्याची तपासणी मरेपर्यंत झाली नाही.

बरं, ज्यांना हवं आहे त्यांनी जायचं कुठे? घरकुल मिळतं पंचवीस चौरस मीटरचं. आतल्या खोलीत मुलगा-सून, चुलीजवळ नातवंडं आणि त्यांच्यात बुढी, सपरीत बुढ्याची बाज. पन्नास वर्षांचा संसार आणि मधे दोन दारं. कित्येक घरांत तर वाटणीच होते: बाप मोठ्याकडे, माय धाकट्याकडे. बैलजोडी फोडताना लोकांचा जीव कळवळतो. २००७ च्या कायद्यानं मुलांवर आईबापांच्या अन्नवस्त्राची, निवाऱ्याची, औषधपाण्याची जबाबदारी टाकली. दोघांना एका छपराखाली ठेवा, असं काही त्यात लिहिलेलं नाही.

माझ्या ओळखीतला एक सत्तरीचा शेतकरी आहे. तूर शेंगांवर आली की रानडुकरं आणि रोही येतात, रात्री राखणीला, जागलीला जावं लागतं. घरात दोन धडधाकट पोरं, पण हा जागल कोणाला देत नाही. संध्याकाळी त्याची बायको डबा घेऊन वावरात जाते आणि सकाळीच परतते. गाव हसतं. यंदा पोरांनी झटक्याचं कुंपण घातलं, म्हणाले, बाबा, आता जागलीची गरज नाही. म्हातारा आठ दिवस कोणाशी बोलला नाही. पुढे एका रात्री कुंपणाची बॅटरीच कोणीतरी काढून ठेवली म्हणे.

तुम्ही खोल्या बांधू शकत नाही, मला ठाऊक आहे. माझं मागणं तुमच्या हातातलं आहे. बीपी-शुगरची गोळी देताना एक वाक्य वाढवा: "या गोळ्यांनी नवराबायकोच्या संबंधात काही फरक वाटला तर सांगा, गोळी बदलता येते." फार तर दहा सेकंद लागतील. आशाताई, फॉर्ममधले ते प्रश्न वाचा. "संबंध" हा शब्द अवघड वाटला तर "मालकाजवळ गेल्यावर रक्त दिसते का" असं विचारा, आमच्या बायका त्याला लाजत नाहीत, तुम्हीच लाजता. म्हाताऱ्या बाईचं उत्तर तिच्या सुनेकडून घेऊ नका. पुरुषांना पुरुष कर्मचाऱ्यानं विचारलं तर बरं. आणि "या वयात" हे दोन शब्द महिनाभर वापरायचे नाहीत, असं ठरवून पाहा.

येत्या सोमवारी मी गोळ्या न्यायला केंद्रावर येणार आहे. यांनाही आणते. बाहेर रांग असते, खिडकीला पडदा नाही आणि दार अर्धं उघडंच असतं, हे मी मागच्या खेपेला पाहिलं. आमचा नंबर आला की तेवढं दार लोटून घ्या. हे स्वतः बोलणार आहेत, तीन दिवसांपासून तयारी चालली आहे.

आपली,
एक निवृत्त नर्सबाई